सव्वादोनपट

तुमचे आजोबा गेल्याला वर्ष होत आलं होतं. मी तेव्हा अमेरिकेत अ‍ॅशबर्नला तुमच्या काका-काकूंकडेच होते. वर्षश्राद्धाला भिंतीवर जरा मोठा फोटो हवा, असं काकाचं म्हणणं. मलाही फोटो हवा होता, पण माझं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांचा चेहरा मला नीट आठवेनासा झाला होता. आवाज आठवे, हात आठवत. चेहऱ्याच्या जागी मात्र धुकं येई.

घरात सहा बाय आठ इंचांचा एक चांगला फोटो होता आणि साडेसात बाय दहाची रिकामी फ्रेम. म्हणजे बरोबर सव्वापट. काकाने फोटो स्कॅन करून दुकानाला ऑनलाइन ऑर्डर दिली.

पार्सल आलं ते भलतंच मोठं. मी एकटीनेच उघडलं आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो खिडकीजवळच्या यांच्या खुर्चीत टेकवून ठेवला. दिवस मावळत होता. झाडांपलीकडच्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरांची घरघर सुरूच होती. "आजी, कोण घोरतंय?" असं तुम्ही विचारायचात, तीच.

काकू वरून मीटिंग संपवून आली. जाता जाता खुर्चीकडे बघून म्हणाली, "बाबा, चहा ठेवू?"

आणि स्वयंपाकघरात गेली. नळाचं पाणी सुरू झालं, मग बंद झालं. ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

मला अशा वेळी मोजमाप केल्याशिवाय राहवत नाही. पट्टी लावली. उंची अठरा इंच. अठराला आठाने भागलं, सव्वादोन. मग यांचा चष्मा कपाटातून काढला आणि फोटोतल्या चष्म्यावर ठेवून पाहिला. काड्यांच्या बिजागऱ्या बिजागऱ्यांवर आल्या. चेहरा खऱ्याखुऱ्या मापाचा झाला होता. चष्मा उचलला, तशी काचांखालची बुबुळं सरकली. भिंगाखाली चित्र सरकतंच, हे मला ठाऊक आहे. तरी मी चष्मा पुन्हा ठेवला नाही.

काका आल्यावर उलगडा झाला. सव्वापट म्हणजे एकशे पंचवीस टक्के, म्हणून त्याने तेवढी वाढ करा असं लिहिलं होतं.

"एकशे पंचवीस टक्के हा नवा आकार, वाढ नव्हे," मी म्हटलं. "सव्वातून मूळचा एक वजा कर. पाव उरतो. वाढ पंचवीसच टक्के. तू सांगितलेली वाढ त्या मूळच्या एकावर चढली, म्हणून सव्वादोन."

"दिवसभर जगाचा डेटा सांभाळतो," काकू म्हणाली, "आणि बापाच्या फोटोचा गुणाकार चुकतो." पण हसली नाही. हा आजच परत पाठवा, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. मला चेहरा मिळाला होता.

पुढे काय झालं ते नीट वाचा. काही दिवसांनी मी दाढीचा साबण लावलेले हे आठवू गेले, तर फोटोतला चेहरा आला. लग्नातले आठवू गेले, तोच. तुमच्या बाबांना पहिल्यांदा हातात घेतलेले, तरीही तोच, तसाच समोर बघणारा. आवाजही अंधुक व्हायला लागला, कारण त्या चेहऱ्याचे ओठ मिटलेले होते. धुकं बरं होतं, धुक्यात निदान हे कुठेतरी होते. आता त्यांच्या जागी तो बसला होता.

सकाळी मी काकाला म्हटलं, "हा घरातून जाऊ दे." खोक्यात मीच भरला. पालथा ठेवला. उताणा ठेवून वर झाकण लावणं मला जमेना.

श्राद्धाला सव्वापट फोटो वेळेवर आला. त्यावरही मी चष्मा ठेवून पाहिला. दोन्ही बाजूंनी कानांच्या बाहेर गेला, आणि चष्मा नाकावर घसरलेले, पेपरच्या वरून माझ्याकडे बघणारे हे मला आपोआप आठवले.

काकू मात्र अजून त्या खुर्चीला वळसा घालून जाते. चहा ठेवताना ती तिकडे बघत नाही, आणि मीही तिला बघ म्हणत नाही.