गोधडीखालची नदी

झोप लागताना ऋजुताचे कान आधी मिटतात, डोळे शेवटपर्यंत जागे राहतात. आत्ताही अर्धवट उघड्या दारातून तिला निनाद दिसतोय. आवाज होऊ नये म्हणून तो एकेक भांडं जपून उपडं घालतोय, आणि होतो तेवढा आवाजही तिच्यापर्यंत पोचेनासा झालाय. छातीवर कोयना पालथी झोपलीय. तिची ही सकाळची झोप. ऋजुताचा तळहात तिच्या इवल्या पाठीवर आहे. पाठ वर येते, खाली जाते. पुन्हा वर आली की मगच ऋजुता स्वतःचा श्वास सोडते. लेक जन्मल्यापासून हे असंच चाललंय.

खिडकीला नाक लावून आल्प्स उभे आहेत. विंटरथूरच्या घरून तिघं इथे आंडरमाटला सुट्टीवर आली, त्या सुट्टीचा आज शेवटचा दिवस, आणि कोयना अजून या घराच्या बाल्कनीपलीकडे गेलेली नाही. खाली भाड्याच्या दोन सायकली उभ्या आहेत. निनादची चिखलाने माखलीय, ऋजुताची कोरी करकरीत.

मघाशीच तो म्हणाला होता, "दे इकडे हिला. आम्ही बापलेक बसने फुर्का खिंडीत जातो, तू सायकलने चढ. वर भेटू."

"वारा किती आहे बघ. कान दुखला तर? आणि एवढ्या उंचीवर—"

"तीट लावली नाहीये, तेही सांगून टाक."

ती हसली नव्हती. एम.एस्सी. झालेली बाई, कुणाला सांगणार? पण काजळाची डबी विंटरथूरलाच राहिलीय आणि चार दिवस ते तिला खरंच सलतंय.

पाठ वर येते. खाली जाते. वर येते.

सायकलची घंटी वाजते.

बाल्कनीत नलूमावशी उभी आहे. आईची थोरली बहीण, वाईच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली. निऱ्या खोचलेल्या, पातळावर मर्दानी स्वेटर, हातात तिची ती जुनी लेडीज सायकल. दर रविवारी या सायकलवर मावशी पसरणीचा घाट चढायची, मागून दुसऱ्या सायकलवर धापा टाकत ऋजुता. पाचगणीला पोचलं की मावशी चहा प्यायची, टपरीवरचं वर्तमानपत्र मागून घ्यायची आणि स्वेटरच्या आत छातीशी घालायची. 'चढताना घाम मारतो, उतरताना वारा,' म्हणायची. आत्ताही स्वेटरच्या गळ्यातून कागदाचा कोपरा डोकावतोय.

"काय गं, लोळत्येस काय? घाट चढायचाय."

कोयना पोटात होती तेव्हा मावशी गेली. आईने फोनवर रडं आवरत बजावलं होतं, 'तुझ्यावर जीव होता ताईचा, स्वप्नात येईल ती. बोलावलं तर जाऊ नकोस. मागितलं तर काही देऊ नकोस. दिलं तर मात्र घे.'

ऋजुताला ते सगळं शब्दन् शब्द आठवतं.

"मी नाही येत, मावशी."

"आलेलीच आहेस की."

आणि खरंच, पायाखाली पेडल आहे. बाल्कनीची फरशी तांबड्या मातीत मिसळते आणि पसरणी घाटाचं पहिलं वळण येतं. कठड्यावर माकडं बसलीत, खाली उन्हात वाईतले पत्रे चमकताहेत. कोयना पोटाशी ओढणीत बांधलेली आहे. ती कुणी बांधली, कोण जाणे. ऋजुता एका हाताने सायकल धरते, दुसऱ्याने गाठ चाचपते.

"दोन्ही हात हँडलवर!" मावशी पुढून ओरडते. तिच्या पाठीला अजून डोळे आहेत.

वळणापलीकडे सातवीचा वर्ग लागतो. रस्ता बाकांच्या मधून जातो. चढ असा आहे की दोघी उतरतात आणि सायकली ढकलू लागतात.

"हे धरतात का गं चढल्यात?" ऋजुता विचारते. लहानपणीही ती दर वेळी हेच विचारायची.

"ढकलत नेली तरी घाट चढलाच," मावशीही तेव्हाचंच उत्तर देते.

समोर भिंतीवर युरोपचा नकाशा हलतोय. मावशी फळ्याखालची छडी उचलते, मधल्या तपकिरी पट्ट्यावर टेकवते. "आल्प्स," ती म्हणते. छडीच्या टोकाने खडूची भुकटी उडते आणि खाली पडायला लागते. पडतच राहते. थंड आहे. आता नकाशाला भिंत नाही, वर्गाला छप्पर नाही आणि मावशीच्या हातात छडीही नाही.

खिंड.

चहूकडे डोंगर आहेत, पण ते आधीपासून उभे आहेत असं वाटत नाही. आत्ता, या क्षणी, एकेक करून उठून उभे राहताहेत, आणि शेवटचा उठेपर्यंत कुणी बोलायचं नाही असा काही नियम असावा. ढग खाली आहेत. ऊन इतकं स्वच्छ आहे की दगडांनाही आपली सावली अंगावर घ्यायला संकोच वाटतोय. मागे तिने चढलेला रस्ता दरीच्या कुशीत पडलाय, कुणाच्या तरी हातून सुटलेल्या नाडीसारखा.

मावशी सायकल दगडाला टेकवते. वाकून पायातल्या चपला काढते आणि बाजूला नीट जोडून ठेवते.

"मावशी, पाय गारठतील."

"देवळात कोण चपला घालतं?" मावशीचा आवाज ऋजुताने असा कधी ऐकलेला नाही. "जन्मभर पोरांना सांगितलं, तपकिरी रंग म्हणजे डोंगर. नुसतं तपकिरी! पोरांनी ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी."

दोघी अनवाणी चालतात. गार लागत नाही. पुढे पांढऱ्या चादरी पसरल्यात, एकाला एक शिवलेल्या, उतारभर, नजर पोचेल तिथवर.

"हे काय?"

"हिमनदी झोपलीय. उन्हाळ्यात पांघरूण घालतात तिला. ऊन लागून वितळू नये म्हणून."

"बर्फाला गोधडी?"

"तुझ्यासारखंच कुणीतरी असणार."

ऋजुता गुडघ्यांवर बसते. सवयीनेच तिचा तळहात चादरीवर जातो आणि ती वाट बघते. खाली काहीतरी हलतं. खोल, फार खोल. एखादं मोठं जनावर झोपेत कूस बदलेल तसं. मग पाण्याचा आवाज येतो, हजारो वर्षांच्या बर्फाच्या पोटातून, बारीक आणि अखंड.

"श्वास चालू आहे," ती कुजबुजते.

"तुझ्या हातामुळे चालू नाहीये तो," मावशी म्हणते.

"पांघरूण घातल्यावर वितळत नाही ना मग?"

"वितळतं की. जरा सावकाश, इतकंच. अजिबातच वितळलं नाही तर खाली ऱ्होन नदी कशी वाहायची? समुद्रापर्यंत जायचंय तिला." मावशी ओढणीतल्या गाठोड्याकडे बघते. "नाव काय ठेवलंस?"

"कोयना."

मावशीचा चेहरा उजळतो. भूगोलाच्या बाईला याहून मोठी दक्षिणा कुठली? "नदीचं नाव ठेवलंस आणि बांधून ठेवलंस होय? बघू तरी. दे इकडे तिला."

ते शब्द मघाचे, निनादचेच आहेत. हात मात्र मावशीचे आहेत, पुढे केलेले, शिरा दिसणारे, खडूने पांढरे झालेले. याच हातांनी ऋजुताला न्हाऊ घातलंय, घास भरवलेत. या हातांत लेकीला एकदा तरी ठेवावं म्हणून ती बाळंतपणात किती रडलीय. ओढणीची गाठ आपोआप सैल होऊ लागते.

मागितलं तर काही देऊ नकोस.

"नाही," ऋजुता म्हणते. तिला रडू फुटतं. ती कोयनाला दोन्ही हातांनी घट्ट धरते. "नाही देणार, मावशी. तुला नाही."

डोंगर ऐकताहेत. मावशीचे हात हवेत तसेच राहतात. मग ती ते मागे घेते, पदराला पुसते आणि मोठ्याने हसते, थेट शाळेच्या व्हरांड्यातलं हसू.

"शाबास! तुझ्या आईने, वत्सूने पढवलंय तुला. बरोबर आहे, मला नाही द्यायचं. मी मेलेली बाई." ती डोळे बारीक करते. "पण तो खाली भांडी घासतोय तो? तोही मेलाय का?"

ऋजुता वळून खाली दरीकडे बघते.

"मेलेल्याला नाही म्हणालीस ते चांगलं झालं. जित्यालाही नाहीच म्हणत राहिलीस तर पोरीने जायचं कुणाकडे?"

मावशी स्वेटरमध्ये हात घालते, घडी घातलेलं वर्तमानपत्र काढते. कागद उबदार आहे, नुकत्या तळलेल्या पुऱ्यांखालून काढावा तसा. "हे देत्येय मी. घ्यायला हरकत नाही ना? उतार आहे आता. छातीशी घाल, दोघींच्या मध्ये."

ऋजुता कागद घेते. त्याला शाईचा वास आहे, पाचगणीच्या चहाचा वास आहे. ती तो आत सरकवते, कोयनाचा गाल त्यावर टेकवते.

"तू नाही येत खाली?"

"मी? आत्ता तर पोचल्येय!" मावशी वळलेलीसुद्धा आहे. गोधडीवरून ती अनवाणी चालत निघते, पातळाचा काठ बर्फाला लागतोय, आणि एकेक डोंगर तिला वाट देत बाजूला होतोय. चपला दगडापाशीच राहिल्यात. ऋजुताची सायकल उताराला लागते. वारा येतो, छातीवर आदळतो आणि आत शिरत नाही.

"ऋजू." दारात निनाद आहे, हातात फडकं. तो कुजबुजतोय. "बसची वेळ होत आली. म्हणजे, आपण जाणार नाही म्हणालीस, पण विचारतो आपलं."

कान परत येतात. कुठेतरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजताहेत. कोयना छातीवरून डोकं वर करते, आईकडे टकमक बघते आणि तोंडभर हसते.

तिच्या डाव्या गालावर काळा डाग आहे.

ऋजुता अंगठा ओला करते, पुसायला नेते आणि हात तिथेच थांबतो. डाग नाही तो. बारीकशी रेघ आहे, आणि रेघेला लोंबकळणारी इवलीइवली अक्षरं आहेत, उलटी उमटलेली. या घरात छापील म्हणून जे काही आहे ते सगळं जर्मनमध्ये आहे. तिथली अक्षरं अशी रेघेला धरून राहत नाहीत. ती नाक जवळ नेते. शाई.

"काय लागलंय गं तिला?" निनाद वाकून बघतो.

"तीट."

"कुणी लावली?"

ती उठून बसते. तळहात लेकीच्या पाठीवर असतो. पाठ वर येते, खाली जाते. या वेळी ती पुढची वाट बघत नाही. दोन्ही हातांनी कोयनाला उचलते आणि त्याच्यापुढे धरते.

"घे हिला," ती म्हणते. "टोपी घाल, कान झाक. आणि तो गाल पुसू नकोस. मी सायकल काढते."