कापडी छताचा चौथा कोपरा

चादर अर्धी दोरीवर, अर्धी बादलीत लोंबत होती, तेवढ्यात फोन वाजला. ताणकाकांनी ओले हात सदऱ्याला पुसले. लेकच असणार, जावईबापू फक्त वाढदिवसाला आठवण काढतात.

"बाबा, कधी येताय? खोली रिकामी करून ठेवलीय."

"येईन गं. पण छताचे दोर कोण ताणणार?"

"ते छत काय तुमच्या नावावर केलंय?"

काकांनी हसण्यावारी नेलं. चौकात बाजार भरतो, सभा होतात, त्यावर मोठं पांढरं कापडी छत आहे. चारही कोपऱ्यांना पोलादी दोर आणि ते ताणायचे स्क्रू. ढिलाई आली की कापडात पाणी साचतं, म्हणून काका पान्याने स्क्रू आवळत; त्यावरूनच सगळे त्यांना ताणकाका म्हणत. काकू देवाघरी गेल्यापासून मात्र तीनच कोपरे पुरे आवळत, चौथा थोडा राखून ठेवत. उद्या जायला काही निमित्त नको? घरी भिंतींशी किती बोलणार माणूस! चौकात निदान "काका, बरे आहात ना?" एवढं तरी कानावर पडे.

पण देवापासून काय लपतं? काल त्याच कोपऱ्यात पावसाचं पाणी साचून कापडाला पोट सुटलं आणि भर सभेत सगळं पाणी लोकांच्या डोक्यावर. कुणाला इजा झाली नाही, ही त्याचीच कृपा. सकाळीच चौकाच्या राखणदाराचा निरोप आला होता : पाना घेऊन या.

चादर तशीच टाकून काका चौकात पोचले. नवा मिस्त्री शिडीवरून उतरत होता. चारही कोपरे तट्ट ताणलेले, कुठे सुरकुती म्हणून नाही.

"वय झालं काका," राखणदार हळूच म्हणाला. "हातात जोर राहत नाही, चालायचंच. पाना ठेवून जा."

"जोर आहे रे. तो कोपरा मीच मुद्दाम ढिला ठेवायचो. रोज इथे यायला मिळावं म्हणून."

राखणदार खो खो हसला. "या वयातही थट्टा सुचते तुम्हाला!"

मिस्त्रीही हसला. काकांनी पाना बाकावर ठेवला आणि शेजारी थोडा वेळ बसून राहिले. माणसं येत-जात होती. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"त्या खोलीला खिडकी आहे का गं?"

"आहे की. रस्त्याकडची."

"मग येतो."



काका उठले. घरी जाऊन प्रवासाची बॅग काढायची होती, आणि तिची तुटलेली चेन बसवून आणायची होती.