शरदच्या डिकीवरची दोन अक्षरं

शरद गेला त्या दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो आला. बातमी मला सकाळीच हॉस्पिटलमधून कळली होती, त्यामुळे फोन बघायचं तसं कारण नव्हतं, पण घरात माणसं जमलेली, चहाचं आधण ठेवलेलं आणि फोन आपला सारखा वाजतोय... म्हणून उघडला. शरद आपल्या पांढऱ्या गाडीला टेकून उभा, एक हात डिकीवर, हाताखाली ती दोन तिरपी चंदेरी अक्षरं चमकतायत, आणि चेहऱ्यावर असं हसू की आत्ताच शर्यत जिंकून आलाय. खाली लिहिलेलं, 'दिलखुलास व्यक्तिमत्त्व हरपले'. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी ती रांग बघत बसले आणि आधण आटून गेलं. कारण फोटो माझ्या ओळखीचा होता. ह्याच ग्रुपवर, ह्याच माणसांनी, काही वर्षांपूर्वी हाच फोटो टाकला होता. तेव्हा खाली लिहिलं होतं, 'सावधान! मुलुंडची रेसिंग कार बाहेर पडली आहे'. आणि जोडलेल्या हातांच्या जागी डोळ्यांतून पाणी काढून हसणारी पिवळी तोंडं होती.

शरदला जाऊन दीड महिना झाला. राग निवला की लिहू असं ठरवलं होतं. तो काही निवत नाही, म्हणून तसंच लिहायला बसलेय.

शरद माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, त्यामुळे आमच्यात भाऊजी-बिऊजी असलं काही नव्हतंच. मी त्याला नावानं हाक मारायची आणि तो मला 'गो वैनी'. अभ्यासात यथातथा, पण गाड्यांचं भारी वेड. एलबीएस रोडवर जाऊन उभा राहायचा आणि संध्याकाळी येऊन मला पोळ्या लाटताना सगळं ऐकवायचा, आज अशी गाडी बघितली, तिच्या पाठीवर असं लिहिलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "मेल्या, गाडीच्या पाठीवर काय लिवलाहा ता बरा वाचतंस, पुस्तकातला वाचूक काय होता?" दहावीनंतर त्याला भांडुपला एका प्लेटिंगच्या कारखान्यात चिकटवला. तिथे प्लास्टिकच्या अक्षरांना क्रोमचा मुलामा चढवायचे. तुमच्या-आमच्या गाड्यांच्या मागे नावं असतात ना, चमचमणारी, हात लावला तर वाटतं लोखंड आहे... ती सगळी मुळात काळी प्लास्टिकची. टाकीत बुडवून बुडवून त्यांना चांदी येते. शरद त्या टाक्यांवर होता. पुढे तपासणीला बसला, पण बसायचं टेबल टाक्यांच्या शेजारीच.

त्याची तपासायची रीत मी घरबसल्या शिकले, कारण तो ती आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर करायचा. वस्तू तोंडासमोर धरायची, 'हाऽ' करून तिच्यावर वाफ सोडायची, आणि उजेडाकडे तिरकी धरून वाफ जाताना बघायची. मुलामा चांगला असेल तर वाफ सगळीकडे सारखी धरते आणि सारखी जाते. कुठे टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं असेल तर तिथे वाफ बसतच नाही, ठिपका कोरडा राहतो. एरवी तो भिंग लावूनही दिसायचा नाही. माझ्या घरी जेवायला बसला की पहिला घास घ्यायच्या आधी पेल्यावर 'हाऽ'. "वैनी, ह्या पेल्याची वाट लागलीय. कुठून घेतलास?" मी म्हणायचे, "तू पाणी पी ना, तुला कुठे तो गाडीला लावायचाय!"

टाक्यांवरून एक पिवळट वाफ उठायची म्हणे. तोंडाला बांधायला फडकं मिळायचं, तेही दिवाळीला नवीन. शरदच्या नाकात सारखे फोड यायचे. मग फोड यायचे बंद झाले आणि श्वास घेतला की नाकातून बारीक शिट्टी वाजायला लागली, कारण मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. तिथे काम करणाऱ्या बऱ्याच जणांना पडायचं. शरद त्याचाही विनोद करायचा. "मला हॉर्न फिटिंगमध्येच आलाय गो." आम्ही हसायचो. तोच हसवायचा, काय करणार.

मग कारखाना बंद झाला. जागेवर टॉवर यायचा होता. शेठनं सगळ्यांना जमवलं, भाषण केलं, तुम्ही माझं कुटुंब आहात वगैरे, आणि शेवटी नापास मालाचा खोका पुढे सरकवला. "एकेक पीस घेऊन जा रे सगळे. आठवण म्हणून." शरदनं खोक्यातून ती दोन अक्षरं उचलली. कुठल्याशा परदेशी कंपनीच्या वेगवान गाडीची. ही अक्षरं मागे असली म्हणजे आत दांडगं इंजिन आहे असं समजायचं. घरी आला तो थेट माझ्या स्वयंपाकघरात. "बघ वैनी," म्हणाला, आणि 'हाऽ' करून दाखवलं. दुसऱ्या अक्षराच्या कोपऱ्यात एक कोरडा ठिपका. "हे मीच नापास केलेलं. एवढुश्शा भोकासाठी." त्यानं ती रुमालात बांधून ठेवली, ती कित्येक वर्षं तशीच होती.

मध्ये त्यानं काय काय केलं ते लिहीत नाही. कुरियर, सोसायट्यांची देखरेख, पडेल ते. मुलगा निखिल शिकला, चांगला नोकरीला लागला, तेव्हा कुठे शरदनं ओळखीतून एक वापरलेली गाडी घेतली. छोटी, पांढरी, बाजारहाटाची. इथल्या रस्त्यावर दर चौथी गाडी तीच. चाकांखाली लिंबं ठेवून झाली, नारळ झाला, मंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि मग ह्यानं खिशातून रुमाल काढला. डिकी फडक्यानं पुसली, अक्षरांवर 'हाऽ' केलं, आणि मागे चिकटपट्टी लावून उजव्या कोपऱ्यात अशी दाबून बसवली की जणू बाळाच्या कपाळाला तीट लावतोय.

निखिल म्हणाला, "बाबा, ही दुसऱ्या कंपनीची आहेत! आपल्या गाडीला नाही चालत."

"मग काय, गाडी चालायची बंद होणार?"

शरदचं आणि माझं घर एकाच बिल्डिंगमध्ये; तिथल्या पार्किंगमध्ये जी करमणूक सुरू झाली ती इथून. दुसऱ्या मजल्यावरच्या देसायांच्या मुलाकडे नेमकी तीच अस्सल गाडी आहे. देसाई म्हणाले, "शरदराव, म्हशीला हरणाची शिंगं लावलीत होय?" आणि माघारी म्हणाले की हा आमचा अपमान आहे, आम्ही त्या इंजिनासाठी वर्षभर थांबलो आणि ह्यांचं चिकटपट्टीवर भागलं! चौथ्या मजल्यावरच्या एकानं तर उलटंच केलेलं, गाडी कंपनीतली सगळ्यात साधी घेतली आणि मागची सगळी अक्षरं उपटून टाकली, म्हणजे कुणाला कळायलाच नको. तोही हसायला पुढे. कुणी शरदला बघितलं की तोंडानं 'घुर्रर्र' करायचं, कुणी म्हणायचं, "शर्यत आज कुठे, घाटात का?" पोरांनी नाही, चांगल्या पिकल्या केसांच्या माणसांनी. आणि आमच्या बिल्डिंगचं नाव काय, माहितीय? ग्रँड रॉयल पॅलेस. सात मजले, एक लिफ्ट, तीही आठवड्यातून एकदा बंद पडते. कुणाच्या गाडीवर वकिलाची पट्टी, आणि वकील तो नव्हे, त्याचा साडू. कुणाच्या काचेवर 'पोलीस', तर पुतण्या पोलिसात. ह्यात कुणाला हसू येत नाही. हसायला फक्त शरदची दोन अक्षरं.

मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, सांग ना त्यांना, ही माझ्या हातची आहेत म्हणून. सगळ्या गाडीत तेवढंच एक तुझं आहे."

"सांगितलं की हळहळतात, वैनी. अरेरे म्हणतात. त्यापेक्षा हसू देत. मस्त चाललंय."

त्यानं सांगितलं नाही. मी आता सांगतेय. हळहळायचं त्यांनी हळहळावं.

पण त्यांच्यावर रागवण्यात तरी काय अर्थ, ती परकी माणसं. निखिलचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीकडची मंडळी घर बघायला यायची होती. रविवारची सकाळ, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आणि खाली बघते तर निखिल गाडीच्या मागे उकिडवा बसलाय. हातात केस वाळवायचं यंत्र, पार्किंगमधल्या प्लगपासून वायर ओढलेली. अक्षरं गरम करून करून त्यांच्या मागून तो दोरा ओढत होता, करवतीसारखा. मी वरूनच ओरडले, "काय करतोस रे?"

"काकी, हळू बोल ना! तिच्या बाबांना गाड्यांतलं खूप कळतं. ते बघतील आणि... ऑकवर्ड होतं यार."

"बापाला विचारलंस?"

तो दोरा ओढत राहिला.

मंडळी आली, पोहे झाले, छान झालं सगळं. शरदनं खूप हसवलं त्यांना. त्यांना सोडायला आम्ही सगळे खाली गेलो, मीही होते, म्हणून सांगते. शरद बोलत बोलत आपल्या गाडीपाशी आला, सवयीनं हात डिकीच्या उजव्या कोपऱ्यावर गेला, आणि तिथे काही नव्हतं. हात तसाच राहिला. त्यानं निखिलकडे बघितलं नाही. व्याही होऊ घातलेल्या त्या गृहस्थांना म्हणाला, "सावकाश जा हं, पुढे खोदलंय." बस्स. त्यानंतर त्यानं गाडी चालवलेली मला आठवत नाही. बॅटरी उतरली, टायर बसले, मंदा म्हणायची, अहो, निदान चालू तरी करा. तो म्हणायचा, करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आला. अक्षरं चपलांच्या रॅकवर पडली होती, ती घेऊन. म्हणाला, "वैनी, तुझा फ्रिज किती वर्षांचा?" माझा फ्रिज म्हणजे सुरू झाला की शेजारच्यांना कळतं, थरथर कापत ओट्यापासून हातभर पुढे सरकतो. मी म्हटलं, "का रे? नवीन देतोयस?" त्यानं दरवाजा पुसला, 'हाऽ' केलं, आणि अक्षरं हँडलच्या वर बसवली. तेवढ्यात फ्रिज घुर्रर्र करून सुरू झाला. "घे," म्हणाला, "आता आवाज पण आला. इथे कोण काय बोलणार नाय." आणि आम्ही दोघं हसलो, खूप हसलो... मी आधी थांबले.

खोकला तेव्हाच होता. तपासण्या झाल्या, फुप्फुसाचं निघालं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, सिगरेट किती ओढता? आयुष्यात एक ओढली नाही म्हटलं तर तरुण डॉक्टर हसले, सगळे असंच म्हणतात म्हणाले. कारखान्याचं मीच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला. त्या जागेवर आज जो टॉवर आहे त्याच्या फाटकावर सोनेरी अक्षरं आहेत. रिक्षातून जाताना दिसतात. फार चमकतात.

शेवटचा माझ्याकडे आला तो मंदाला धरून. पाणी हवं होतं, फ्रिजमधलंच हवं होतं. दरवाजापाशी उभा राहिला, अक्षरांकडे वाकला, तोंड उघडलं... वाफ काही धरेना. पुन्हा केलं. नाकातली शिट्टी तेवढी वाजली. "पुरत नाय गो," म्हणाला आणि पेला घेऊन बसला.

गेल्या आठवड्यात निखिल आला होता. त्यानं स्वतःची गाडी घेतलीय, मोठी, लग्नानंतर. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "काकी, तो बॅज देशील? माझ्या गाडीला लावतो. बाबांची आठवण म्हणून. फोटो पण टाकीन, सगळ्यांना बाबांची स्टोरी कळू दे."

मी म्हटलं, "शेठ पण हेच म्हणाला होता. आठवण म्हणून घेऊन जा."

त्याला ती गोष्ट ठाऊकच नव्हती. बापानं सांगितली नव्हती, त्यानं विचारली नव्हती. मग मी सांगितली, टाकीपासून खोक्यापर्यंत. तो खाली बघत ऐकत होता. रडला थोडा. मला दया आली नाही असं नाही, पण दिली नाहीत अक्षरं. "पाणी पी," म्हटलं. त्यानं फ्रिज उघडला तो कडेला धरून, हँडलला हात न लावता. जाताना दारात म्हणाला, "काकी, मी काढली ते चुकलंच ना?" मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांना विचार. त्यांना कळतं गाड्यांतलं."

कडू बोलले, माहितीय मला. मागे घेत नाही.

गाडी अजून खाली उभी आहे, धूळ खात. देसायांनी परवा ग्रुपवर विचारलं, ती जागा आता मोकळी होणार का. मी सकाळी दूध काढायला फ्रिजपाशी जाते आणि दरवाजा उघडायच्या आधी अक्षरांवर 'हाऽ' करते. माझी अजून चांगली धरते वाफ. दोन्ही अक्षरं पांढरी होतात, मग कडेकडून हळूहळू चमकायला लागतात... दुसऱ्याच्या कोपऱ्यातला एक ठिपका तेवढा मुळापासून कोरडा असतो.