निळ्या बाटलीतलं सरबत

माझ्या बाबांनी जन्मात एकच कॉम्प्युटर गेम खेळला, आणि तोही भिकार खेळला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून ते कोणाला फार शूर वाटायला लागले तर मला उगाच खुलासे करत बसावं लागेल.

ढाणकीहून आत वळलं की डांबर संपतं तिथं आमचं गाव. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडला म्हणून बाबांनी कापूस विकला नाही, घरातच भरून ठेवला. निम्म्या गावानं तेच केलं होतं. आमची मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. उन्हं तापायला लागली की त्या कापसात बारीक किडे होतात आणि घरातला प्रत्येक माणूस खाजवायला लागतो. मी अकरावीत होते. कोणाच्या घरी कापूस पडून आहे हे आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या हातांवरच्या पुरळावरून ओळखायचो.

कॉम्प्युटर त्याच खोलीत होता. माझा मामा वणीला एका ऑफिसात कारकून. तिथले जुने कॉम्प्युटर लिलावात निघाले, तेव्हा त्यानं एक माझ्यासाठी घेतला आणि एसटीत मांडीवर धरून आणला. तीन पिनांचा प्लग घरात एकच, मधल्या खोलीत. त्यामुळे मी कापसाच्या ढिगात खळगा करून त्यात बसायची. आत एक गेम होता. ऑफिसातल्या कोणत्या रिकामटेकड्या बाबूनं तो टाकला होता देव जाणे, पण त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

गेम साधाच. जमिनीखाली सात मजल्यांचं भुयार. आपला एक माणूस, हातात तलवार. वाटेत उंदीर, कोळी, हाडांचे चालते सापळे. सातव्या मजल्यावर एक बंद दार आणि दारापुढे राक्षस. तो मेला तरच दार उघडणार. वाटेत निळ्या बाटल्या सापडायच्या. बाटली प्यायली की चाळीस पावलं आपण कोणाला दिसत नाही. अट एकच, तेवढ्यात हत्यार उगारायचं नाही. उगारलं की जादू संपली, सगळ्यांना दिसलातच.

आता बाबांचं सांगते. त्या वर्षी आमच्याकडे जीपा फार यायच्या. कोणी सर्वे करायला, कोणी फोटो काढायला, कोणी नुसतं हळहळायला. एकदा अशाच एका जीपवाल्यानं पानठेल्यावर, दहा माणसांसमोर, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काका, मनात वाईटसाईट विचार येतात का हो?" बाबा तेव्हा कोणाच्या तरी बैलाची नक्कल करून दाखवत होते. ठेल्यावर सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस तो. ते नक्कल अर्धवट सोडून, पान न खाता घरी आले, आणि त्या दिवसापासून ठेल्यावर जाणं बंद. मग बाजारात जाणं बंद. मग दोन लग्नंही चुकवली. दारात कोणी हाक मारली की ते मधल्या खोलीत कापसामागे जायचे आणि आई सांगायची, "घरी नाईत."

मला भीती वाटायची. त्या वर्षांत आजूबाजूच्या गावांतून कसल्या बातम्या येत होत्या ते आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आणि माझे बाबा माझ्या डोळ्यांदेखत थोडे थोडे कमी होत चालले होते.

कापसामागे लपून करायचं काय, म्हणून ते गेम बघायला लागले. एक दिवस म्हणाले, "सरक, मले पाहू दे." इंग्रजी मी वाचून सांगायची, बाण ते दाबायचे. निळ्या बाटलीला मी आधी औषध म्हटलं. आतून आई आली आणि म्हणाली, "औषध पेलं-गिलं असं या घरात बोलाचं नाई." फवारणीचे डबेही तिनं तेव्हाच कुलपात टाकले होते. म्हणून मग आम्ही त्याला सरबत म्हणायला लागलो.

बाबांना सरबताचा भलताच नाद लागला. लांबून उंदीर दिसला की प्यायले सरबत. कोळी दिसला, प्यायले सरबत. भारनियमनाच्या वेळा सोडून उरलेल्या दुपारी हेच. तलवार एकदाही उगारली नाही. सगळ्यांना चुकवत चुकवत त्यांचा माणूस सातव्या मजल्यावर पोचला खरा, पण अगदी पहिल्या दिवशी होता तेवढाच दुबळा. त्या गेममध्ये मारामारी केल्याशिवाय अंगात ताकद येत नाही. राक्षसापुढं तो उभा राहिला की एका फटक्यात आडवा. बाबा तोच डाव पुन्हा उघडायचे, पुन्हा आडवे.

माझं डोकं फिरायचं. "बाबा, इथं सरबत चालत नाही. वर जा, आधी उंदीर मारा!"

"काहून? मी कोनाच्या वाटीले न जाता पार होऊन राह्यलो, तर तुले काय तरास होते?"

"पार कुठं झाले? दारापुढंच मरून राह्यले ना!"

मी बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा हाताची खाज खाजवत पडद्याकडे बघत राहिले. मी उठून बाहेर गेले आणि गोठ्यामागे जाऊन रडले.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी सकाळी दारात जीप थांबली. शहरातले एक साहेब उतरले, बरोबर कॅमेरावाला. माणूस वाईट नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र त्याचा तो हळू, आजाऱ्याशी बोलतात तसला आवाज ऐकून अंगाची लाही झाली. बाबा सवयीनं कापसामागे गेले. साहेब ओसरीवर बसले, कागद काढले.

"घरात कर्ता पुरुष?"

"घरी नाईत," आई म्हणाली.

साहेबांनी आईकडे पाहिलं. आईचे डोळे कापसाच्या किड्यांनी आठवडाभर लाल होते. साहेबांनी मान हलवली, पुढं काही विचारलं नाही आणि कागदावर लिहिलं. मी आईशेजारीच उभी होते, उलटं वाचता येत होतं. कर्ता पुरुष: नाही. मग ते कॅमेरावाल्याला म्हणाले, "या दोघींचा एक घे. ताई, हसू नका हं, जरा समोर बघा."

मी हसत नव्हते. मी ओरडले. सगळी गल्ली ऐकेल एवढ्यानं ओरडले, "आहेत! माझे बाबा आहेत! काय लिहिलं ते खोडा!"

आई म्हणाली, "अवं, चूप." साहेब गोंधळले. म्हणाले, "बेटा, मी समजू शकतो." मला समजून घेण्याचा त्यांना काय अधिकार होता? मी कागद ओढायला गेले, त्यांनी तो छातीशी धरला.

तेवढ्यात मधल्या खोलीत कापूस ढासळल्याचा आवाज झाला आणि बाबा बाहेर आले. डोक्यावर कापूस, मिशांत कापूस, बनियनला सरकी चिकटलेली, आणि दोन्ही हातांनी पोट खाजवत. कॅमेरावाला खरोखर दोन पावलं मागं सरला.

"मी आहो," बाबा म्हणाले. "कापसात होतो. लिवा."

साहेब म्हणाले, "अहो, पण या म्हणाल्या की…"

"म्याच सांगतलं होतं तिले तसं म्हनाले. माही चुकी होय. आता खोडा थे."

साहेबांनी खोडलं. बाबांनी हात पुढं केला. "दाखवा." कागद हातात घेऊन त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला. पेन मागितलं आणि खोडलेल्या जागेवर स्वतःचं नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट, ओळ संपून समासात गेलं तरी लिहीत राहिले. मग म्हणाले, "भाव द्याचा काही तुमच्या हातात आहे का?"

"नाही हो, आम्ही फक्त…"

"मंग चाय पेऊन जा. फोटो काढाचा तर तिघायचा काढा. अन् मी हासन. हासतानाचा घ्याचा नसन, तर कॅमेरा जीपमंदी ठेवा."

त्यांनी फोटो काढला. तो कुठं छापून आला नाही, येणारही नव्हता. असल्या फोटोंना त्या वर्षी गिऱ्हाईक नव्हतं. जाताना साहेबही दंड खाजवत होते, त्याचं मला मनापासून समाधान वाटलं.

सगळं एकदम बदललं वगैरे काही नाही. कापसाला भाव आलाच नाही. पुढच्या आठवड्यात होता त्या भावात गाडी भरून बाबांनी तो दिला. पण जीप गेली त्याच संध्याकाळी ते ठेल्यावर गेले. मी गुपचूप कोपऱ्यापर्यंत मागं गेले होते. कॅमेरावाला कसा मागं सरला त्याची नक्कल चालली होती, आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं ते मला तिथूनही ओळखू आलं.

दुसऱ्या दिवशी लाइट आली तशी ते खळग्यात येऊन बसले. म्हणाले, "नवा डाव टाक. पह्यल्या मजल्यापासून."

गेम आधी आपल्या माणसाचं नाव विचारतो. जुन्या डावात बाबांनी काही सांगितलंच नव्हतं, मीच कसलीतरी तीन अक्षरं दाबली होती.

"माहं नाव टाक. पूर्ण."

चौकोनात आठच अक्षरं बसत होती. मी तसं सांगितलं.

"मावन तेवढं टाक."

मी टाकलं. पहिल्या मजल्यावर निळी बाटली दिसली, बाबा तिच्या बाजूनं निघून गेले. समोर उंदीर आला. बाबांनी तलवार उगारली आणि जमिनीवर हाणली. उंदरानं त्यांना तिसऱ्या फटक्यात लोळवलं.

"गेला का माहा मानूस?"

"गेला."

"उंदरानं मारलं?"

"उंदरानं."

बाबा इतके हसले की आई पिठाच्या हातानं दारात आली. तिच्याकडे बघतच त्यांनी अंगावरचा कापूस झटकला आणि मला म्हणाले, "टाक पुन्हा नाव."