उघडा तळहात

शोभाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आमच्याच शाळेचं कपाट टेम्पोत चढवत होतो. महिना उलटला, पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकमेकींपासून सुटत नाहीत.

आंजीकडच्या एका खेड्यातली आमची शाळा, शिक्षक दोनच. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी ताईंकडे. त्यांची पोरं हातानं वाचायची. पूर्णविराम आला की हात मांडीवर टेकायचा, आवाज खाली आणायचा. उद्गारचिन्हाला हात छातीवर. आणि प्रश्नचिन्हाला तळहात उघडून पुढे धरायचा... वर्गातलं कुणी उत्तर देईस्तोवर पुढे वाचायचं नाही. एकेका धड्याला दोन-दोन दिवस लागत. मी चिडवायचो, ही शाळा आहे की कवायतीचं मैदान? त्या शांतपणे म्हणायच्या, "सर, पोरानं इचारलं अन् कोणी बोललंच नाई, तं पोरगं इचारनंच सोडून देते."

मला ते थेर वाटायचे, खोटं कशाला बोलू. पण ताईंच्या हाताखालची पोरं तिसरीत आली की लगेच ओळखू यायची. बाहेरून आलेली सगळं एका सुरात रेटायची. ही मात्र 'आई कुठे गेली?' वाचताना खरोखर आईला शोधायची.

पट घसरत गेला. आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळायचं पत्र आलं, तेव्हा ताई वर्ध्याला दवाखान्यात होत्या. पत्र खिशात ठेवूनच भेटायला गेलो. एकेका पोराचं नाव घेऊन त्यांनी चौकशी केली. मग म्हणाल्या, "शाळा तं नाई ना बंद होऊन राह्यली?" आणि सलाईन नसलेला हात चादरीवर उघडा धरला.

मी घरून आणलेल्या डब्याचं झाकण लावत बसलो. ऊन फार तापलंय म्हणालो. हात तसाच होता... मी उठलो तरी तसाच. बऱ्या झाल्या की सांगू, असं मनाशी म्हणालो. कसलं काय, चौथ्या दिवशी तो फोन आला.

आता पोरं त्या मोठ्या शाळेत जातात, मीही तिथेच आहे. परवा व्हरांड्यातून जाताना ताईंची दुसरीतली एक पोरगी वाचताना दिसली. प्रश्नावर थांबली होती, तळहात पुढे करून. नव्या बाई म्हणाल्या, थांबू नकोस, पुढे वाच. वर्गातलं कुणी बोललं नाही. मी लगबगीनं दारात पोचलो, पण तोवर तिनं हात खाली घेतला होता आणि उरलेला धडा सगळ्यांसारखा एका सुरात वाचायला घेतला होता.