जेन्ट्स, लेडीज आणि रजया

बेघरांच्या निवाऱ्यात मॅनेजर म्हणून काम केलं की पगार संपतो, केस संपतात, पण किस्से संपत नाहीत. त्यांना बोलवावं लागत नाही, तेच येऊन कोपऱ्यात बसतात. आमचा निवारा नेरूळमध्ये. हसू आलं तर हसा, मी आता हसत नाही.

*

आमचा पैसा यायचा तो 'हेड'प्रमाणे. म्हणजे ज्यासाठी आला त्याच्यावरच खर्च करायचा. एका वर्षी पुन्हा रजयांचं हेड आलं. एप्रिल महिना! माणसं पंख्याखाली जागा मिळावी म्हणून भांडतायत आणि टेम्पोतून रजया उतरतायत. आधीच्या वर्षीचे गठ्ठे अजून फोडलेही नव्हते.

पंखा बंद पडला. मी पालिकेतल्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "रिपेअरिंगचं हेड नाही. रजया आहेत ना?"

इन्स्पेक्शनला साहेब आले. खुर्चीचंही हेड नव्हतं, म्हणून त्यांना रजयांच्या ढिगावर बसवलं. ढीग एवढा उंच की सही घ्यायला मी स्टूलवर चढलो. खोटं वाटत असेल तर स्टूल अजून आहे!

*

आमच्याकडे एकनाथकाका आणि वच्छलामावशी होते. मराठवाड्यातलं जोडपं. काका तुर्भ्याच्या एका गोडाऊनवर वॉचमन होते. नोकरी गेली, तिच्याबरोबर गोडाऊनमागची खोलीही गेली.

निवाऱ्यात जेन्ट्स वेगळे, लेडीज वेगळ्या. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. चार वर्षं नवरा-बायको भेटायचे ते फक्त जेवणाच्या रांगेत. मावशी पहिल्या दिवशी मला म्हणाली होती, "मला सोन्याचं काय नको, भाऊ. ह्यांच्यासंगं एक खोली द्या."

मी साहेबांकडे गेलो. "यांना रूमचं डिपॉझिट देऊ. आणखी चार वर्षं सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडेल."

साहेब गंभीर झाले. "डिपॉझिट दिलं की त्यांना घर मिळणार. घर मिळालं की ते बेघर राहणार नाहीत. आणि पैसा तर बेघरांसाठी आहे!"

*

काकांना मात्र नियम पाठ. एकदा मावशीला ताप भरला. ती कण्हत होती. पार्टिशनला कान लावून काका उभे. मी म्हटलं, "जा ना आत, मी बघून न बघितल्यासारखं करतो."

"नको सायेब. तुमची नोकरी जाईल. एक गेलेली बघितलीय मी."

*

मग एकदाचं पत्रक आलं. हेड गेलं! पैसा कशावर खर्चायचा ते आता स्थानिक समिती ठरवणार. समितीत मी, एक रिटायर्ड मास्तर, आणि सारसोळे गावातली, मासळी विकणारी पारूआत्या.

पहिली मीटिंग. इतक्या वर्षांनी पूर्ण मोकळीक. मास्तरांनी पेन उघडलं, चष्मा पुसला, आणि विचारलं, "तर मग... रजया किती लिहू?"

मी म्हटलं, "लिहा पन्नास." शपथेवर सांगतो, माझ्याच तोंडून निघालं!

पारूआत्या कडाडली, "आरं ए मास्तर, घाम पुसाला रजई पायजे काय तुला? आनि तू रं मॅनेजर, तुजी बायको पार्टिशनच्या पलीकडं हाय काय? त्या दोघाना खोली दे!"

ठराव दोन मिनिटांत पास.

*

मग खोली शोधायला निघालो, कोपरखैरण्यात. पहिल्या घरमालकाने विचारलं, "आधी कुठे राहायचे?"

"बेघर निवाऱ्यात."

"छे छे! ज्यांना घर नाही अशांना मी घर देत नाही."

सहा ठिकाणी हेच. सातव्याला पारूआत्या मावशीला घेऊन सोबत आली. म्हणाली, "ही माजी भैन. खोलीच्या भाऱ्याला उशीर झाला तर माज्या टोपलीजवल ये." तो आत्याचं जुनं गिऱ्हाईक. चावी दिली.

*

सामान काय, दोन पिशव्या. दुपारी त्यांना खोलीवर सोडलं. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात मोरी, एक खिडकी. मावशीने केर काढला. दोन चटया शेजारी शेजारी अंथरल्या. एकीवर स्वतः बसली, दुसरीवर हात फिरवून म्हणाली, "बसा की."

काका उंबऱ्याबाहेरच उभे, पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, "जा काका, तुमचीच खोली आहे."

त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे. हळूच विचारलं, "सायेब, जेन्ट्स कुठंय?"

मावशी उठली. स्वतःची चटई गुंडाळली, बाहेर येऊन पॅसेजमध्ये अंथरली आणि खोलीकडे बोट करून म्हणाली,

"हेच जेन्ट्स हाय. जावा आत."

काका आत गेले.