गोणीचं दुसरं टोक

राज्याच्या वेटलिफ्टिंग संघात जायचं तर स्नॅच सुधारायला हवा होता, आणि माझा स्नॅच काही केल्या सुधारत नव्हता. जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर न्यायचा, एवढंच ते. ताकद होती. लासलगावजवळच्या आमच्या गावातून नाशिकला आले ती ताकदीवरच. तरी बार वर पोचला की मला पुढे ओढायचा आणि मी तो धाडकन सोडून द्यायचे. मेला तो बार, असं वाटायचं.

एकदा आमच्या प्रशिक्षक सरांनी आम्हा मुलींचं बाजूने मोबाईलवर शूटिंग केलं. त्यातल्या अ‍ॅपमध्ये बारच्या टोकाचा मार्ग रेघेने उमटतो. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या मुलीची रेघ नडगीपासून अंगाकडे झुकत, मांडीला लागून वर गेलेली. माझी पोट सुटल्यासारखी पुढे आलेली. बार अंगापासून लांब गेला की तेच वजन कंबरेला जास्त जड पडतं, हे सरांनी समजावलं. मग म्हणाले, "तू बार उचलत नाहीस, कुणाला तरी देतेस. समोर कोण उभं आहे?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. खोलीवर आल्यावर मात्र रडू फुटलं. समोर ताई उभी होती. कांदाचाळीत साठवलेला कांदा गोणीत भरायचा, एक टोक तिचं, एक माझं, गोणी दोघींच्या मधोमध. "हं" म्हटलं की झोका देऊन गोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रिकामी करायची. वजन उचलायला मी अशी शिकले. ताई लग्न होऊन देवळ्याला गेली, पण माझ्या हातांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

सरांनी मला भिंतीसमोर उभं केलं. नाक भिंतीला लागेल इतकं जवळ, हातात नुसती काठी. पुढे गेली की काठी भिंतीवर आपटायची. बाकीच्या मुली गप्पा मारत घरी जायच्या, मी भिंतीपुढे. मग मेसचा डबा, आणि खोलीत मी एकटी. फार एकटं वाटायचं.

निवड चाचणीत बार शर्टाला घासत वर गेला आणि डोक्यावर थांबला. मी संघात आले. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर माझं असं कुणीच नव्हतं, म्हणून सरांकडेच बघून हसले.

दिवाळीला घरी गेले. ताई माहेरी आली होती, चाळीत थोडा कांदा उरला होता. हौसेने आम्ही गोणी धरली. मी "हं" म्हटलं, आणि गोणी सरळ माझ्या पोटाशी आली. ताईच्या हातातून टोक सुटलं, कांदे अंगणभर झाले.

"एकटीच उचलती व्हय गं?" ती हसत म्हणाली. "माझ्याकडं काय राहूच देईना!"

आम्ही गोणी पुन्हा भरली, पुन्हा धरली. या वेळी मी मुद्दाम हात लांब ठेवायला बघत होते. जमलं नाही.